‘इम्पॅक्ट क्लब’ आणि जूनचा खड्डा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी 5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, पुण्यातल्या शिक्षणसंस्थांच्या वृक्षारोपणाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. त्यांत एमबीएच्या संस्थाही असतात आणि कार्यक्रम बहुधा त्यांच्या ‘सोशल इम्पॅक्ट’ किंवा ‘सस्टेनेबिलिटी’ क्लबच्या नावावर असतो. पुण्यात मोसमी पाऊस साधारण 10 जूनच्या सुमारास पोचतो आणि जमिनीत ओल मुरायला महिनाअखेर उजाडते. म्हणजे रोप लावले जाते ते तापलेल्या, कोरड्या मातीत. शिवाय त्या दिवशी पहिले वर्ष संपवलेले विद्यार्थी समर इंटर्नशिपला गेलेले असतात, दुसऱ्या वर्षाचे नोकरीला लागलेले असतात आणि नवे प्रवेश व्हायचे असतात. रोप लावायच्या दिवशी त्याला पाणी घालणारा एकही सभासद आवारात नसतो. या जूनच्या खड्ड्यात नुसती रोपे जात नाहीत, वर्षभर चालवलेले जवळजवळ प्रत्येक काम त्यातच जाते. म्हणून ज्यांच्याकडे यंदा अशा क्लबची जबाबदारी येणार आहे, त्यांच्यासाठी हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी हातात वेळ किती, ते पाहावे. एमबीए दोन वर्षांचे असले तरी क्लबप्रमुखाला काम करायला मिळतात जेमतेम सात-आठ महिने. ऑगस्ट-सप्टेंबरात नवे विद्यार्थी येतात, मग दिवाळी, मग सत्र परीक्षा. नवा प्रमुख बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये निवडतात आणि तो लगेच इंटर्नशिपला जातो. परत येतो तेव्हा प्लेसमेंटची धावपळ सुरू झालेली असते. निवड जानेवारीतच करावी. जानेवारी ते मार्च जुनी आणि नवी कमिटी एकत्र काम करते, आणि फाइल कुठे आहे, मेसच्या ठेकेदाराशी कोण बोलते, हिशेब विभागात बिल कोणाकडे द्यायचे, हे सगळे हाताखाली राहून शिकता येते.

पहिल्याच आठवड्यात साठ-सत्तर जण नावे देतात. दिवाळीनंतर येणारे दहा-बारा असतात. अनेक जण बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून येतात आणि त्यात काही वावगे नाही. फक्त त्या ओळीत एक आकडा यावा, असे काम त्यांना द्यावे. या दहा-बाराजणांचे मिळून तीन गट पुरतात: एक आवारातल्या कामाचा, एक बाहेरच्या संस्थांसोबतचा, एक हिशेब आणि नोंदींचा. तिसऱ्या गटात यायला कोणी तयार नसते, म्हणून तिथे सर्वांत नेटका माणूस आधी नेमावा.

कामाला सुरुवात मेसपासून करावी. नदी, टेकडी, वस्ती हे सगळे खरेच महत्त्वाचे आहे, पण मेस रोज दोनदा चालते, तिथे मोजता येते आणि बदल केला तर आठवडाभरात दिसतो. पद्धत सोपी आहे. तीन पिंप ठेवायचे. पहिल्यात निवडणे-चिरणे यातला कचरा: देठ, साली, कांद्याची टरफले. दुसऱ्यात शिजवून उरलेले, कोणाच्याच ताटात न गेलेले अन्न. तिसऱ्यात ताटातले उष्टे. प्रत्येक रिकाम्या पिंपाचे वजन त्याच्यावरच ऑइलपेंटने लिहून ठेवायचे, म्हणजे रोज वजा करताना घोळ होत नाही. वजनकाटा शंभर किलोपर्यंतचा, जमिनीवर ठेवायचा, आणि वैधमापन खात्याचे शिक्के असलेला असावा. सलग सात दिवस, दोन्ही वेळा, जेवलेल्या ताटांची संख्या कुपनांवरून घ्यायची. तिसऱ्या पिंपाचे वजन भागिले ताटे. समजा 300 ताटांमागे 24 किलो उष्टे निघाले, तर ताटामागे 80 ग्रॅम. हाच तो आकडा, जो वर्षभर बघायचा.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिला आठवडा पोस्टर लावून, गाजावाजा करून मोजला की मुले त्या आठवड्यात आपोआप कमी वाढून घेतात आणि मूळचा आकडाच खोटा निघतो. पहिला आठवडा शांतपणे मोजावा आणि पोस्टर नंतर लावावे. दुसरे, आमटीचे पाणी आणि ताट विसळलेले पाणी पिंपात जाते आणि वजन फुगते. पिंपाच्या तोंडावर जाळीची टोपली ठेवली तर पाणी खाली वेगळे निथळते. तिसरे, रविवारच्या मेजवानीचा दिवस मंगळवारशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही. रविवार रविवारशीच ताडावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ठेकेदाराला न विचारता मोजायला बसणे. त्याला वाटते आपल्यावर पहारा बसवला, आणि वाढपी दुसऱ्याच दिवशी उरलेले अन्न मागच्या दाराने बाहेर काढतात. ताटामागे ठरावीक दर असेल तर वाया जाणारे अन्न त्याच्याच खिशातून जाते. हे त्याच्याशी आधी, भटारखान्यात उभे राहून, मराठीत बोलावे.

तीन पिंप वेगळे ठेवण्याचे कारण असे की तिघांचा इलाज वेगळा. दुसरा पिंप भरतो तो अंदाज चुकल्याने. शुक्रवारी संध्याकाळी निम्मे होस्टेल गावी जाते आणि आचारी मात्र सगळ्यांचा स्वयंपाक करतो. आदल्या रात्री आठपर्यंत ‘उद्या जेवणार नाही’ अशी नोंद घेतली आणि त्या दिवसाचे पैसे खरोखर वळते केले, तरच मुले नोंद करतात. पैसे वळते होत नसतील तर तिसऱ्या आठवड्यात नोंद बंद पडते. तिसरा पिंप भरतो त्याला बऱ्याचदा भाताचा डाव जबाबदार असतो. मोठ्या डावाने एकदा वाढले की ताटात डोंगर. डाव निम्म्या आकाराचा आणला आणि ‘पुन्हा घ्या’ असे वाढप्यानेच म्हटले, पोळी मागितल्यास अर्धी दिली, की भाषणे न करता उष्टे कमी होते. पहिला पिंप मात्र कमी करायचा नसतो, तो खताला जातो.

खताबद्दल एक पुणेरी अडचण सांगायला हवी. रोज 100 किलोंहून अधिक कचरा होणाऱ्या संस्थांवर तो वेगळा करण्याची आणि ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी घनकचऱ्याच्या नियमांनी टाकलेली आहे. त्यामुळे अनेक आवारांत खताचे हौद बांधलेले दिसतात, आणि त्यातले बरेच जुलैत बंद पडतात, कारण वास. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते. त्याला जोड म्हणून मापाने दुप्पट वाळका पाला लागतो, म्हणजे एक घमेले ओले तर दोन घमेली पाला. आपल्याकडे पानगळ मुख्यतः जानेवारी ते मार्च. त्या वेळी माळी पाला गोळा करून बाहेर देतो किंवा जाळतो, आणि ऐन पावसात हौदात टाकायला वाळके काही उरत नाही. मग ढीग पाण्याने गच्च होतो, हवा खेळत नाही, सडतो. यासाठी फेब्रुवारीत पाला पोत्यांत भरून छपराखाली रचून ठेवावा. कमी पडला तर लाकडाचा भुसा चालतो. ओल बरोबर आहे का, ते मुठीने कळते: मूठभर माल दाबला तर एक-दोन थेंब यावेत, धार लागता कामा नये. ढीग मीटरभर उंच-रुंद असेल तर आत हात घालवत नाही इतका तापतो, 55 ते 65 अंशांपर्यंत. तापला नाही तर ओले कमी आहे, पाणी जास्त आहे, किंवा ढीगच लहान आहे. आठवड्याला एकदा वरखाली करायचा. दीड-दोन महिन्यांत खत होते.

हा ढीग वरखाली करणार कोण? विद्यार्थी पहिले तीन आठवडे करतात, नंतर सफाई कर्मचारी मावशी करतात. त्यांच्या कामात रोज तासाभराची भर पडली असेल तर त्या तासाचे पैसे ठेक्याच्या करारात लिहून घेतले पाहिजेत. ज्या क्लबच्या नावात ‘सोशल’ हा शब्द आहे, त्याने फुकटच्या श्रमावर खत करू नये. माळी, आचारी आणि सफाई कर्मचाऱ्यांपैकी एकेक जण क्लबच्या बैठकीला बसवावा, त्यांच्या ड्युटीच्या वेळेत. जूनचा खड्डा भरून निघतो तो याच माणसांमुळे, कारण मे-जूनमध्ये आवारात तेच असतात.

सुक्या कचऱ्याचाही असाच एक प्रश्न. होस्टेलातली रद्दी, पुठ्ठे, बाटल्या गोळा करून विकायच्या आणि त्या पैशातून दिवाळीला फराळ वाटायचा, हा बेत जवळजवळ प्रत्येक क्लबला सुचतो. पण तो माल आजवर कोण नेत होते? पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 पासून काम करते आहे आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या या बायकांच्या मिळकतीत भंगाराचा वाटा मोठा असतो. क्लबने पुठ्ठे विकले तर ते पैसे आवारात येणाऱ्या कचरावेचक बाईच्या हातून जातात. आपण माल नीट वेगळा करावा, कोरडा ठेवावा, काचेचे तुकडे आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून खूण करून द्यावेत, आणि माल तिला द्यावा. हे काम छायाचित्रात दिसत नाही, पण तिच्या हाताला काच लागत नाही.

विजेचे थोडक्यात. संस्थेची बारा महिन्यांची बिले हिशेब विभागाकडून मागून घ्यावीत. महावितरणच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला 50 हजार युनिट म्हणजे 35 टन. जनरेटरच्या डिझेलच्या लिटरमागे 2.68 किलो, मेसच्या 19 किलोंच्या सिलिंडरमागे सुमारे 57 किलो. एवढ्या तीन नोंदींत आवाराचे बरेचसे चित्र येते. विद्यार्थ्यांच्या विमानप्रवासाचे, कपड्यांचे गणित पहिल्या वर्षी काढू नये. त्यात चार महिने जातात आणि हाती अंदाज लागतो. वापर कमी करायचा तर आधी सभागृहाचा एसी आणि रात्रभर सुरू असलेली कॉम्प्युटर लॅब बघावी. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या बीईई या ऊर्जाबचतीच्या संस्थेचे म्हणणे आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला आहे. त्यात वीज, पाणी, कचरा यांचे असेच आकडे द्यावे लागतात. आपल्या होस्टेलची बिले हाताळलेला विद्यार्थी तो अहवाल वाचताना बावरत नाही.

आता बाहेरच्या संस्थांसोबतचे काम. व्यवस्थापनाचे विद्यार्थी बचत गटाला किंवा सामाजिक संस्थेला जे खरोखर देऊ शकतात ते म्हणजे हिशेबाची शिस्त. तरीही दिले जाते ते चाळीस स्लाइडचे इंग्रजी प्रेझेंटेशन, जे गटातली एकही बाई पुन्हा उघडत नाही. काम घेण्याआधी एका पानावर मराठीत लिहावे: प्रश्न कोणता, तो किती आठवड्यांत सोडवायचा, संस्थेचा कोण माणूस किती तास देणार, शेवटी हातात काय पडणार. संस्थेच्या माणसाचा वेळ फुकट नसतो. विद्यार्थ्यांच्या सहा गटांनी सहा वेळा येऊन तेच प्रश्न विचारले की संस्था दार बंद करते, आणि ते योग्यच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, बचत गट शेंगदाण्याची चटणी करतो आणि पाव किलोच्या पुड्याची किंमत ठरवायची आहे. दहा किलोंचा एक घाणा, म्हणजे 40 पुडे. दाणे, लसूण, मिरची, मीठ यांचे पैसे सगळेच धरतात. राहून जाते ते असे: दाणे भाजून, पाखडून सालपट गेले की वजन घटते, ते आधी आणि नंतर तोलून घ्यायला हवे. गॅस, पिशवी, लेबल, बाजारातून माल आणायचे रिक्षाभाडे. आणि सर्वांत आधी विसरली जाते ती मजुरी. तिघी जणी पाच तास बसल्या तर पंधरा तास. तासाला 60 रुपये धरले तरी 900 रुपये, म्हणजे पुड्यामागे साडेबावीस रुपये. ‘आम्ही घरच्याच आहोत, मजुरी कसली’ असे गटातल्या बायका म्हणतात, आणि विद्यार्थी ते मान्य करून पुढे जातात. तसे करू नये. मजुरी लिहावी, कमी घ्यायची की नाही, ते त्यांनी ठरवावे.

यापुढची चूक तर फायनान्स शिकणारेही करतात. पुड्याचा एकूण खर्च 75 रुपये आला आणि दुकानदार छापील किमतीच्या 25 टक्के घेणार असेल, तर 75 वर 25 टक्के चढवून 93 रुपये 75 पैसे छापतात. दुकानदार त्यातले 23 रुपये 44 पैसे ठेवतो आणि गटाच्या हाती 70 रुपये 31 पैसे येतात. पुड्यामागे सुमारे पावणेपाच रुपयांचा तोटा, तोही विक्री जितकी वाढेल तितका वाढणारा. 75 ला 0.75 ने भागायचे असते. किंमत 100 रुपये येते. हे गणित एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून गटाच्या भिंतीला लावले तर त्या चाळीस स्लाइडपेक्षा अधिक दिवस टिकते. दाण्याचा भाव बदलला की कुठला आकडा खोडून कुठला लिहायचा, तेही त्यावर दाखवावे.

संस्थेने स्वतः गटाकडून माल घेतला, म्हणजे पाहुण्यांना भेट म्हणून किंवा दीक्षान्त समारंभासाठी, तर आनंदच आहे. पण ऑर्डर देण्याआधी हिशेब विभागाकडून पैसे कधी निघणार ते लेखी घ्यावे. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, असे लहान उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. वेगळे काही ठरलेले नसेल तर 15 दिवसांत. दहा हजारांचे बिल तीन महिने अडकले तर पुण्यातल्या भीमथडी या बचत गटांच्या विक्रीच्या जत्रेसाठी कच्चा माल घ्यायला गटाकडे पैसे उरत नाहीत.

पैशाबद्दल आणखी एक गैरसमज दूर व्हावा. क्लबप्रमुख कंपन्यांना ‘सीएसआरमधून’, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या सक्तीच्या खर्चातून, ‘द्या’ अशी पत्रे धाडतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो हे खरे, पण तो पैसा क्लबला देता येत नाही. क्लब ही कायद्याच्या लेखी कोणीच नाही. नोंदणीकृत न्यास, संस्था किंवा कलम 8 ची, म्हणजे ना-नफा, कंपनी हवी, तिच्याकडे प्राप्तिकराची 12ए आणि 80जी ही करसवलतीची नोंदणी हवी आणि असा पैसा घेण्यासाठीचा सीएसआर-1 हा अर्ज भरलेला हवा. मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ असे एकवेळचे कार्यक्रम त्यात धरू नयेत, हे 2014 च्या सरकारी परिपत्रकाने स्पष्ट केले होते. तेव्हा महोत्सवासाठी हवे असेल तर सरळ प्रायोजकत्व मागावे आणि त्याला प्रायोजकत्वच म्हणावे. वर्षाला पंधरा-वीस हजार रुपये संस्थेच्या अंदाजपत्रकात क्लबच्या नावाने दाखवून घेतले तर वर सांगितलेले सगळे काम त्यात बसते. काटा, पिंप, पोती, छपाई, प्रवास, एवढेच तर लागते.

मुठेच्या पात्रात उतरून कचरा काढायचा असेल तर गाडी आधी ठरवावी. भरलेली पोती काठावर ठेवून सगळे घरी गेले आणि रात्री पाऊस आला की ती पुन्हा पाण्यात जातात. जाड हातमोजे, बूट आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला आधी दिलेले पत्र, याशिवाय मुलांना नदीत उतरवू नये.

झाडे लावायची तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, आवारातच किंवा जिथे पाण्याची सोय आहे तिथे, आणि एवढीच की पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत आठवड्याला प्रत्येकी दहा-पंधरा लिटर पाणी देता येईल. टँकरचा आणि माळ्याच्या वेळेचा खर्च रोपाच्या किमतीआधी मांडावा. टेकडीवर लावायची तर जागा कोणाच्या ताब्यात आहे ते पाहून वन विभागाची किंवा महापालिकेची परवानगी लागते. प्रत्येक रोपाला क्रमांक द्यावा आणि 31 मे रोजी मोजणी करावी, कारण तोवर उन्हाळ्याने काय ते ठरवलेले असते.

सूत्रे देताना नव्या प्रमुखाला एक वही द्यावी. ताटामागचे ग्रॅम, महिन्याचे युनिट, जगलेली रोपे, गटाला पैसे किती दिवसांत मिळाले, आणि कोणते काम का बंद पडले. शेवटचा रकाना भरायला कोणी तयार नसतो, पण नव्या माणसाला सर्वांत उपयोगी तोच पडतो.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. पुढच्या 5 जूनला जेव्हा संस्थांची छायाचित्रे आपल्याकडे येतील, तेव्हा प्रत्येकीकडून गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी किती रोपे 31 मे रोजी जिवंत होती, हा आकडा मागून घ्यावा आणि छायाचित्राखाली छापावा. ज्यांच्याकडे तो नसेल, त्यांना छायाचित्र जुलैत पाठवायला सांगावे.

आपले,
पुण्यातील व्यवस्थापन संस्थांमधल्या विद्यार्थी क्लबांना मार्गदर्शन करणारे काही प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी